काल काय खाल्लं, गुरुजी?

आमच्या सौंसरच्या शाळेचे शिपाई नथ्थूजी यांनी मला कधी साधा नमस्कार केला नाही. सकाळी फाटकाशी गाठ पडली की ते वाकायचे, पण पाया पडायला नव्हे. बोटाच्या पेराने माझ्या नडगीवर टकटक करायचे, कान देऊन ऐकायचे आणि विचारायचे, "काल काय खाल्लं, गुरुजी?"

कुंभाराकडून मडकं घेताना वाजवून घेतात, तसे ते माणूस वाजवून घेत. मी "वरण-भात" म्हणालो की मान हलवायचे. "म्हणूनच आवाज बोदा येऊन राहिला. हाड खोटं नाही बोलत जी!" मी गणिताचा मास्तर, पोरं मला टरकून असत. पण सकाळच्या त्या टकटकीच्या धाकाने मी रात्री मुद्दाम ताक प्यायला लागलो होतो, हे आज कबूल करतो.

नथ्थूजी एका जागी स्वस्थ उभे आहेत, असं दृश्य मी पाहिलं नाही. घंटेचा शेवटचा टोला पडायच्या आत त्यांचं एक पाऊल मैदानाकडे वळलेलं असे, कारण मैदानावर मुलींचा खो-खोचा संघ असे. कागदोपत्री संघ माझा होता. खो-खोतली मला फक्त शिट्टी कळायची. खरा संघ नथ्थूजींचा. तरणेपणी सावरगावात कबड्डी खेळताना त्यांच्या पायाची नळी मोडली होती. चार महिने खाटेवर पडून त्यांनी विचार केला आणि जगातल्या सगळ्या दुखण्याचं मूळ हाडात आहे, असं ठरवून टाकलं.

"पोट्टी दिवसभर धावून राहिली, अन् पोटात काय? चहा-टोस्ट! चहावर का हाड पोसते?" असं म्हणत ते मुलींच्या रांगेतून नडग्या वाजवत फिरायचे. रामाकोना गावाहून येणारी सुमन डबा न खाताच पळते, हे त्यांना म्हणे नडगीच्या आवाजावरून कळलं. मला वाटतं, तिच्या मैत्रिणीने चहाडी केली असावी. मग त्यांच्या पिशवीतून तिळाचे लाडू निघायचे, जवसाची चटणी, मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि गडूभर दही. "दही खा, उन्हात बस, मंग धाव!" पावसाळ्यात जरा ऊन पडलं की ते भर तासातून मुलींना बाहेर न्यायचे. माझं बीजगणित असं कितीतरी वेळा उन्हात वाळलं.

हे लाडू वळायची त्यांची बायको, कौतिकाबाई. पहाटे पाणी भरायचं, तीळ कुटायचे, भाकरी थापायच्या आणि दिवसभर कापूस वेचायला जायचं. आमच्या संघापेक्षा ती बाई जास्त पळत होती, पण रांगेत उभी नव्हती. मी त्यांच्या घरी गेलो की दाराआडून लाडू यायचा. मी खायचो. दुसरा यायचा, तोही खायचो.

जिल्ह्याच्या सामन्यांना आठवडा उरला होता, आणि कौतिकाबाई अंगणात पाय घसरून पडल्या. पडणं एवढंसं, पण डावं मनगट मोडलं. नथ्थूजी मला सोबत घेऊन त्यांना पांढुर्ण्याच्या एका डॉक्टरकडे घेऊन गेले. बसमध्ये जागा असून ते रस्ताभर बसले नाहीत.

डॉक्टरने एक्स-रे उजेडाला धरला. "एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं. हाडात दम राहिला नाही. काम तर या बैलाइतकं करून राहिल्या, हातच सांगून राहिले. खाण्यात काय असतं यांच्या?"

संघातल्या बाराही पोरींचं कालचं जेवण नथ्थूजींनी झोपेत सांगितलं असतं. माझंही.  बायकोकडे पाहत ते हळूच म्हणाले, "मले माहीत नाही, डाक्टर."

"घरचंच माणूस ना हे?"

"लाडू तं तेच बनवते जी. बनवते तं खातही असन ना?"

"सगळ्याइचं झाल्यावर जेवते ना मी," कौतिकाबाई खाली बघत म्हणाल्या. "भाकर राह्यते, ठेचा राह्यते. कमी काही नाही."

"आणि दही?" डॉक्टरने विचारलं.

"दही यायले लागते," त्यांनी नवऱ्याकडे मान वळवली. " नळी मोडली होती ना यायची."

पोरींचा गडू भरला की घरात दही एका वाटीपुरतंच उरे आणि नळी जुळून वीस वर्षं झाली, तरी ती वाटी नथ्थूजींकडेच सरकत होती. मला माझा दुसरा लाडू आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. नथ्थूजींनी बायकोचं धड मनगट वाजवायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला.

सामन्यांना छिंदवाड्याला ते आले नाहीत. आम्ही दुसऱ्याच सामन्यात हरलो. परतल्यावर ते सांगायला मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

कौतिकाबाई पाटावर बसल्या होत्या. डावा हात प्लास्टरमध्ये. पुढ्यात नथ्थूजींनी थापलेली भाकरी होती, एका कडेला जळलेली, दुसऱ्या कडेला कच्ची. शेजारी दह्याची वाटी. आणि घास तसाच हातात.

"गुरुजी, यायले बाहेर घेऊन जा जी," त्या म्हणाल्या. "माणसासमोर मले घास उतरत नाही. कधी बसली नाही मी अशी."

"बाहेर गेलो तं हे दही माह्यासाठी झाकून ठेवते," नथ्थूजी म्हणाले. "काल ठेवलं होतं!"

"आपण हरलो, नथ्थूजी," मी सांगून टाकलं.

"बरं," ते म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं की नाही, देव जाणे. शेवटी त्यांनीच तोड काढली. बायकोकडे पाठ करून ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि मलाही शेजारी ओढलं. शाळेत शिक्षा झालेल्या दोन पोरांसारखे आम्ही भिंत बघत राहिलो. अख्ख्या नोकरीत नथ्थूजींना बसलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

बऱ्याच वेळाने मागे वाटी हलली.

"दही घेतलं का?"

"घेतलं. अर्धं तुमच्यासाठी ठेवलं."

"माही नळी जुळली आहे, कौतिका," भिंतीकडे पाहतच ते म्हणाले. "पुरं खा."

त्यांचे डोळे भरून आले होते. मग मागून बोटाने वाटी निपटल्याचा आवाज आला, आणि नडगी वाजवताना द्यायचे तसा कान देऊन ते तो ऐकत राहिले.