घड्याळजींचा समेट

घड्याळजींनी ठरवलं, माफी मागायची. पण तोंडाने नाही.

ही वेळ का आली, ते आधी सांगतो. बायकोचं शिलाई मशीन जरा खरखर करत होतं. ती बाजारात गेली आणि घड्याळजींनी ते उघडलं. (घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला चालती वस्तू बघवत नाही.) परत जोडलं. खरखर गेली, अगदी साफ गेली. फक्त कापड पुढे सरकायच्या ऐवजी मागे यायला लागलं. त्यात पडद्यांचं मोठं काम हाती घेतलेलं. बाईंनी मशीनकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि अबोला धरला. (भांडली असती तर एक वेळ परवडलं असतं.) जेवायला बसल्यावर मुलीला म्हणायची, "तुझ्या बाबांना विचार, भात वाढू का." बाबा समोरच बसलेले.

मुलगी कॉम्प्युटरच्या कामातली. दुकान खाली, घर वर, आणि दोन्हीकडे एकेक कॉम्प्युटर. ती म्हणाली, "बाबा, चार ओळींची स्क्रिप्ट आहे. या खिडकीतून पाठवायचं, या खिडकीत आलेलं दिसतं. चिठ्ठी चुरगाळून भिंतीपलीकडे फेकल्यासारखं. पोचली की नाही, ते मात्र कोणी सांगत नाही."

"पण पलीकडे वाचणारं कोणी हवं ना?"

"आईच्या कॉम्प्युटरवर ऐकणारी खिडकी मी उघडून ठेवलीय. इथे सरावासाठी दोन्ही उघडल्यात. फक्त पाठवताना पत्ता तेवढा…"

"कळलं, कळलं," घड्याळजी म्हणाले. (माणूस बुडतो तो इथेच.)

मुलगी वर गेली. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं आणि एका बोटाने लिहिलं, "चूक झाली. आता बोल." बटण दाबलं.

शेजारच्या खिडकीत लगेच उमटलं, "चूक झाली. आता बोल."

घड्याळजी खुर्चीत ताठ झाले. चूक कबूल करतेय? ही? लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! पण विचार केला तर, मशीन खरखरेपर्यंत तेल कोणी घातलं नव्हतं? त्यांना अगदी भरून आलं. त्यांनी लिहिलं, "जाऊ दे. मी मनात काही ठेवलेलं नाही."

"जाऊ दे. मी मनात काही ठेवलेलं नाही."

"समजूतदार आहे हो," पट्टा बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते म्हणाले.

"कोण?"

"आमची ही. मी म्हणेन त्याला हो म्हणतेय. शब्दसुद्धा बदलत नाही."

गिऱ्हाइकाने त्यांच्याकडे जरा काळजीने बघितलं. त्याचं बहुधा लग्न झालेलं होतं.

घड्याळजींनी लिहिलं, "संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं?"

"संध्याकाळी बाहेर जेवायला जायचं?"

"कुठे जायचं, तूच सांग."

"कुठे जायचं, तूच सांग."

आता मात्र शंकेला जागाच उरली नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर आली होती खरी, पण हे बोलणं तिचंच!

दुकान लवकर बंद झालं. ठेवणीतला शर्ट चढला, भांग पडला, आणि घड्याळजी मोठ्या मनाने जिना चढून वर गेले. बाई उलटी पडलेली शिवण उसवत बसल्या होत्या.

"चल, तयार हो. तू माफी मागितलीस, मी विषय संपवला."

बाईंच्या हातातली कात्री थांबली. मान मुलीकडे वळली. "तुझ्या बाबांना विचार, माफी कोणी मागितली?"

"तू! लेखी आहे माझ्याकडे!"

पुढे मुलगी, मागे घड्याळजी, त्यांच्या मागे बाई, अशी सगळी मंडळी खाली आली. (अबोला होता, पण हे चुकवण्यासारखं नव्हतं.) मुलीने पडद्याकडे बघून कपाळाला हात लावला.

"बाबा, पत्ता! हा एकशे सत्तावीसने सुरू होणारा पत्ता म्हणजे ज्याचा त्याचाच कॉम्प्युटर. सरावापुरता होता तो. तुम्ही तुम्हालाच पाठवत होतात."

"म्हणजे वर काहीच गेलं नाही?"

"एक अक्षर नाही."

बाईंनी सगळा संवाद वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला, ओठ घट्ट दाबले आणि निघून गेल्या.

दुसरा कोणी असता तर त्याने कॉम्प्युटरवर फडकं टाकलं असतं. घड्याळजी परत खुर्चीत बसले. "तिचा पत्ता सांग," ते म्हणाले. केसाएवढी स्प्रिंग बसवावी तसा एकेक आकडा त्यांनी बसवला, पुन्हा तपासला आणि लिहिलं, "मशीन मीच बिघडवलं. चूक माझीच झाली. बोल ना."

बटण दाबलं. शेजारच्या खिडकीत या वेळी काहीच उमटलं नाही. मुलगीही वर गेली. घड्याळजी बसून राहिले. ठेवणीतला शर्ट चुरगळत होता, चुरगळू दे. पोचलं असेल का? कोणाला विचारायचं?

तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला, "अहो!"

'तुझ्या बाबांना' नाही. अहो! घड्याळजी धावतच जिन्याशी गेले. "काय गं?"

"पोचलं! आता जेवून या बाहेर!"

"एकटाच?"

"एकटे कसे?" वरून बाई म्हणाल्या. "दोघं जा की! एवढं छान जमलंय तुमचं!"