कासमचाचाची मूठ

आमच्या जुन्नरात कासमचाचाकडं कल्हईला टाकलेलं भांडं कधी रिकामं परत येत नसे. पातेलं आणायला जावं तर आत मूठभर तांदूळ, तांब्यात गुळाचा खडा. एकदा आमच्या परातीत चार कांदे निघाले. मी शेजारी आणि वर शाळामास्तर. मला वाटलं, म्हातारा विसरला. तांदूळ परत धाडले, तर हा गृहस्थ दोन मुठी घेऊन दारात हजर.

"मास्तर, भांडं भरून द्यायची रीत हाय," म्हणाला. "आन खाऊन तर बघा."

आता शेजारणीची वाटी आपण तरी कुठं रिकामी पाठवतो? पण त्या रितीला असं कामाला जुंपणारं डोकं याचंच. कल्हईचा भाता पाठीवर टाकून तो राजुरीपासून थेट घोडेगावापल्याडच्या डोंगरापर्यंत हिंडायचा. कुणाचा गूळ चोख, कुणाची वरई निवडलेली, सगळं तोंडपाठ. त्या शेतकऱ्यांकडून मूठ मूठ मागून आणायची आणि आमच्या भांड्यांत टाकायची. चव जिभेवर बसली, की पिकवणाऱ्याचं नाव-गाव विचारायला लोक त्याच्याच दारी यायचे.

त्या डोंगरात ठकूबाई म्हणून एक विधवा होती. तिचा तांदूळ शिजला की आळीभर वास सुटे. एका साली तिकडं खरेदीला जाणारा व्यापारी फिरकलाच नाही. दीर टपलेलेच होते. बाईला भात खपवता येत नसेल तर शेत आम्हीच कसतो, म्हणू लागले. चाचाला हे कळलं मात्र, गडी इरेला पेटला. त्या महिन्यात गावातलं एक भांडं त्यानं सोडलं नाही. मामलेदाराच्या घंगाळातसुद्धा ठकूबाईचा तांदूळ निघाला!

मग घरोघरच्या बायका विचारू लागल्या. चाचानं त्यांना वाटून दिलं: या आळीनं ठकूबाईचा तांदूळ घ्यायचा, त्या आळीनं तिच्या शेजारणींचा. दर बाजाराला डोंगरातून लादलेले बैल उतरू लागले. दीर गप बसले आणि शेत बाईकडं राहिलं. मी तर थक्क झालो. सभा नाही, भाषण नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही, आणि एका कल्हईवाल्यानं अख्खा डोंगर गावाच्या चुलीशी आणून बसवला!

हंगाम सरल्यावर ठकूबाई स्वतः आली. चाचाच्या अंगणात तीन दगड मांडून तिनं भात रांधला. मी तिथं होतोच, कुणी बोलावलं नसताना. चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. ठकूबाईनं ताट वाढलं आणि ती जायला निघाली. चाचा मात्र घासाला हात लावीना. काय चुकलं, असं तिनं विचारलं.

"काय बी न्हाई चुकलं," तो खाली बघत म्हणाला. "पर जरा बसा हितं, बाई. जेवताना म्होरं कुणी बसल्याला लई वर्सं झाली."

ठकूबाई पदर सावरून बसली. मी निघायला उठलो होतो, तो पुन्हा बसलो. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मला हे एकदाही सुचलं नव्हतं. मला फार लाज वाटली.