दिगंबरकाकांची गणितातली माशी

आमच्या दिगंबरकाकांना चहाला जरूर बोलवावं, पण अर्ध्या गप्पांतून ते उठून गेले तर राग मानू नये. विषय रंगात आलेला असतो. काका एकदा घरभर नजर फिरवतात, "चला, इथं आता नवीन काही भेटून नाही राह्यलं," म्हणतात आणि चपला घालतात. पहिल्यांदा हे ऐकून माझी बायको आठवडाभर फुगून बसली होती.

दोष काकांचा नाही, माशीचा आहे.

जळगाव जामोदला आमच्या शेजारी राहणारे हे काका कॉलेजात गणित शिकवायचे. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, काका माशीला लागले. ही माशी राजगिऱ्याच्या दाण्याहून लहान. ती बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते, म्हणजे अळी जन्माआधीच खलास. ही माशी एका झाडावर किती वेळ शोधते आणि दुसऱ्याकडे कधी उडते, याचं गणित काका कॉम्प्युटरवर मांडतात. ते जमलं, तर माश्यांची अंडी चिकटवलेली कार्डं शेतात किती अंतरावर टांगायची हे सांगता येईल. पडद्यावरचे हिरवे चौकोन म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची झाडं; काळा ठिपका म्हणजे माशी. अंडं सापडलं की ठिपका रेंगाळतो, नाहीतर निघतो.

"तिले समजते बे, कवा उठाव ते. माणसाले नाही समजत!"

खरी माशी बघायला काका शेतात भिंग घेऊन पानाला नाक लावतात. काही हरवलं असेल म्हणून शेजारचा शेतकरीही एकदा शोधू लागला होता. त्यांच्या पत्नी सुमनकाकू म्हणायच्या, "लग्नात माह्याकडे एवढं निरखून नाही पाह्यलं यायनं!"

अलीकडे काकूंना विसर पडतो. परवा बाजारात काका मिरच्या निवडत होते. वळून बघतात तर काकू नाहीत. मी जवळच होतो. म्हटलं, शोधण्याचंच गणित करणारा माणूस, काहीतरी पद्धत सांगेल.

"काका, कुठून सुरुवात करू?"

त्यांना ऐकूच आलं नाही. ते बांगड्यांच्या दुकानात घुसले, तिथून गुळाकडे, पुन्हा त्याच बांगड्यांत. एक चप्पल कुठेतरी निसटली. चारचौघांत बायकोचं नाव कधी न घेतलेला हा माणूस भर बाजारात "सुमन! ओ सुमन!" म्हणून ओरडत होता.

काकू एसटी स्टँडवर सापडल्या. बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन.

"काऊन धावून राह्यले एवढे? मी मायकडे जाऊन राह्यली. नांदुऱ्याची गाडी येतेच आता."

काकूंची आई जाऊन कितीतरी वर्षं झालीत. काका धापा टाकत शेजारी बसले.

"हाव, जाऊ ना," ते म्हणाले. "मी बी येतो."

मी चप्पल शोधायला गेलो.

आता काकू रोज शेतात जातात. काका त्यांना बांधावर लिंबाच्या सावलीत बसवतात आणि पऱ्हाटीत शिरतात. थोड्या थोड्या वेळानं पानावरून डोकं वर काढून हाक मारतात,

"सुमन!"

"हाय ना इथंच."

मग ते पुन्हा पानावर वाकतात.