भोयर काकांचे पोंपानो

भोयर काका मासळीबाजारात शिरले की आधी माशाला उताणा करीत, मग त्याच्या पोटाखाली बोट घालीत आणि अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणत, "रिजेक्ट!"

मासा ताजा असे, वजन बरोबर असे. काकांची तक्रार नावाबद्दल असायची. भिलाईला समुद्र पाहिलेली माणसं थोडी. त्यामुळे बर्फाच्या खोक्यातून आंध्राकडून येणारा कुठलाही चपटा, चकचकीत मासा इथे 'पापलेट' या एकाच नावाने विकला जातो. ते काकांना सहन होत नसे. शेजारी पिशवी धरून मी उभा असे, मला ते समजावून सांगत.

"पापलेटाले पोटाखाली पर नसते जी, मास्तर. याले हायेत. नाक पाहा कसं बसकं, शेपटी पाहा कशी कैचीसारखी. हा पोंपानो होय. आन् तो बाजूचा, माणसासारखे दात दाखवून राहिला ना, तो रूपचंद. तो तर समुद्राचाच नव्हे!"

सुकवारो बाई ही आमची नेहमीची मासेवाली. ती काकांना लांबूनच ओळखायची. "ए दे, आ गे मोर इंस्पेक्टर," म्हणून ती सुरी खाली ठेवायची. एकदा वैतागून म्हणाली, "कका, तैं मछरी लेबे के परीक्षा लेबे?"

काका म्हणाले, "टेस्ट सर्टिफिकेट के बिना माल नहीं हिलता, बाई."

हे वाक्य त्यांनी चौतीस वर्षं कारखान्यात वापरलं होतं. प्लेट मिलमध्ये ते तपासणीवर होते. पोलादाच्या प्लेटवर खडूने 'पास' नाहीतर 'रिजेक्ट' लिहायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर प्लेटा गेल्या, पण नजर तशीच राहिली. खिशात स्टीलची पट्टीही राहिली. तिने ते माशांची जाडी मोजत आणि सुकवारो बाई डोक्यावरून पदर पुढे ओढून हसत असे.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. रविवारी सकाळी मी अजून पिशवी घेऊन तयार होतो आणि मग ती खुंटीला अडकवून ठेवतो.

त्यांना हे माशांचं वेड लागलं ते मुलामुळे. नितीन त्यांचा एकुलता एक. त्याला कारखान्यात अप्रेंटिसची जागा मिळाली होती. ती सोडून तो मत्स्यशास्त्र शिकला आणि विशाखापट्टणमकडे किनाऱ्यावरच्या एका हॅचरीत पोंपानोची पिल्लं वाढवू लागला. जाताना काका त्याला म्हणाले होते, "मासोळ्या पोसाले माणूस लागत नाई, पाणी लागते." तेव्हापासून चार वर्षं नितीन फक्त आईशी बोलत असे. फोन वाजला की काका रेडिओ बारीक करून बसत. शेवटी काकूच सांगायच्या, "तब्येत विचारली तुमची." काका म्हणायचे, "पास हाये म्हणा."

मग एका उन्हाळ्यात नितीनचा निरोप आला, यंदा दिवाळीला येतो, मी वाढवलेले मासेही आणतो. त्या संध्याकाळी काका माझ्या क्वार्टरवर आले. कोरं रजिस्टर टेबलावर ठेवून बसले.

"मास्तर, पोरगं आलं की घंटाभर माझ्याशी बोललं पाहिजे. पर मले विषयच नाई ना जी. लोखंडावर किती बोलीन? ते तर त्यानं सोडलं. आता त्याचा विषय मलेच शिकावा लागते."

मी शाळेत विज्ञान शिकवलेलं. पुस्तकं आणि छापील कागद मी वाचायचे, अर्थ सांगायचा आणि काकांनी तो रजिस्टरमध्ये उतरवायचा, असा आमचा वर्ग सुरू झाला. विद्यार्थी हुशार होता, पण दर ओळीला आपलं मत देत असे. पोंपानोला मोठेपणी तोंडात धड दात राहत नाहीत, शिंपले तो घशातल्या हाडांनी भरडतो, असं मी वाचलं. काका उठून उभेच राहिले. "म्हणजे गळ्यात क्रशर! काय डिझाइन हाये!"

अंगावर काळ्या ठिपक्यांची ओळ असलेल्या जातीला त्यांनी 'टिकलीवाली' नाव दिलं. अमेरिकेकडच्या भल्यामोठ्या जातीला 'जनरल मॅनेजर'. आफ्रिकन पोंपानो म्हणतात तो खऱ्या पोंपानोंपैकी नव्हेच, दुसऱ्याच शाखेचा, हे कळल्यावर मात्र ते भडकले. "नाव लावते आन् खानदानातला नाई? फोर्जरी होय ही!"

त्याच दिवसांत जामुलला एका लग्नाचं जेवण होतं. ताटं घेऊन रांगेत उभे होतो. वाढणारा म्हणाला, "पापलेट फ्राय लीजिए." काकांनी तुकडा नव्हे, अख्खा तळलेला मासा उचलला, उताणा केला आणि नखाने बेसन खरवडू लागले. मागे वीसेक माणसं ताटकळलेली.

"अवो, काय करून राहिले?" काकू कुजबुजल्या.

"कोटिंग काढल्याबिगर इन्स्पेक्शन होत नाई."

"लोकं पाहून राहिले!"

"पाहू दे. त्यांनाई समजलं पाहिजे आपण काय खाऊन राहिलो ते." आणि मागे वळून गंभीरपणे सगळ्यांना सांगितलं, "रूपचंद है. खाइए, लेकिन पापलेट समझकर मत खाइए."

नवरदेवाच्या मामाने आमच्याशी पुढे वर्षभर बोलणं ठेवलं नाही.

दिवाळीच्या दोन दिवस आधी रजिस्टर भरलं. काकांनी माझ्यासमोर तोंडी परीक्षा दिली. नितीनच्या हॅचरीत दोन जाती होत्या, एक चंदेरी आणि एक भारतीय. दोन्ही दिसायला जवळजवळ सारख्या. फरक काकांना झोपेतही सांगता आला असता: एकीचे पर लांब, आणि दुसरीच्या जिभेवर बारीक दातांची खरखर. "आला की पहिल्या झटक्यात ओळखून दाखवतो," ते म्हणाले. "पोरगं चाट पडलं पाहिजे."

नितीन सकाळच्या गाडीने आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मलाही बोलावून घेतलं होतं, बहुधा साक्षीदार म्हणून. नितीनने आईच्या पाया पडून झाल्यावर वडिलांच्याही पायांना हात लावला, पण मान वर केली नाही. अंगणात थर्माकोलचं खोकं उघडलं, बर्फ बाजूला सारला आणि दोन मासे परातीत ठेवले.

काका वाकले. एका नजरेत त्यांनी ओळखलं. मला कळलं, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कारखान्यातला जुना खडू उचलल्याचा भाव आला. त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात नितीन आईला म्हणाला, "आई, ह्या दोन अलग जाती आहेत. पण कोणालाच फरक नाही समजत. समझाते-समझाते थक जाता हूँ."

काकांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं. मग ते हळूच मिटलं. ते परातीजवळ उकिडवे बसले.

"मले तर दोन्ही सारखेच दिसून राहिले बा," ते म्हणाले. "काय फरक असते रे?"

मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तुळशीच्या कुंडीकडे बघू लागलो.

नितीनने चार वर्षांत पहिल्यांदा वडिलांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग तोही समोर बसला. आधी अडखळत, मग भराभर सांगू लागला. पाणी किती खारट लागतं, पहिल्या महिन्यात पिल्लं कशी एकमेकांना खातात, एका रात्री पंप बंद पडला तेव्हा तो कसा कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून हातांनी पाणी ढवळत होता. काका मान हलवत होते. "अस्सं? मग?" काकूंनी चहा आणून ठेवला, तो थंड होऊ लागला.

"खरा फरक इथं आहे," नितीन म्हणाला. "बोट द्या, बाबा."

त्याने काकांचं बोट धरलं आणि माशाच्या जिभेवरून हळूच फिरवलं.

"खरखर लागते? समजलं?"

"नाई समजलं," काका म्हणाले. "आणखी एकदा फिरव."