आडवा माणूस वळला पाहिजे

अण्णा मोघ्यांनी पहिल्याच भेटीत माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, तुमची उंची किती?"

ती बिचारी पदर सावरत म्हणाली, "पाच फूट असेल." अण्णांनी ते आमच्या घराच्या नकाशाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं. मग माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत असं बघितलं, की भर उन्हाळ्यात अंगावर काटा आला. "तुम्ही जरा अवघड जाणार, जोशी," ते म्हणाले.

अण्णा बांधकाम परवानगीच्या कचेरीत ओव्हरसियर. नौपाड्यात तेव्हा भाताची खाचरं बुजवून प्लॉट पडत होते आणि अण्णांच्या सहीशिवाय वीट हलत नव्हती. खिडक्या, संडास, रस्त्यापासूनचं अंतर, हे सगळं ते दोन मिनिटांत तपासत. मग आतल्या खोलीवर आडवी पेन्सिल ठेवून ती बोळातून पुढच्या दारापर्यंत हळूहळू सरकवत नेत. वळणावर पेन्सिल अडली की नकाशा परत. कारण एकच. "आडवा माणूस वळला पाहिजे."

"अहो अण्णा, तिरडी अंगणात बांधतात," मी एकदा वैतागून म्हणालो. "घरातून माणूस हातांवरच आणतात ना?"

"हातांवरचा माणूस ताठ असतो. तो वळत नाही," अण्णा चहा ढवळत म्हणाले.

माझा नकाशा दोनदा परत आला. सिमेंटचं परमिट महिनाअखेर संपणार होतं, आणि ते गेलं की घर गेलंच! शेवटी मी तणतणत अण्णांना प्लॉटवरच घेऊन आलो. बायको आधीच तिथे होती. मोकळ्या जमिनीवर चुन्याच्या फक्कीने भिंती आखलेल्या. अण्णांनी आखलेल्या दाराबाहेर चपला काढल्या आणि दारातूनच आत आले. मग गवंड्याची शिडी आडवी ठेवून तिच्यावर उताणे झोपले, हात छातीवर घेतले आणि डोळे मिटले.

"उचला."

मी आणि गवंड्याने उचललं. रस्त्यावरून जाणारा दूधवाला सायकलवरून उतरला आणि हात जोडून उभा राहिला. आम्ही वळणाशी आलो. अण्णा गप्प. छातीसुद्धा हलेना.

"अण्णा?" मी म्हणालो. "अहो अण्णा!"

"अंगठा," डोळे न उघडता ते म्हणाले, "भिंतीबाहेर गेला."

खाली बघतो तर खरंच, त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा फक्कीच्या पलीकडे. मिटल्या डोळ्यांनी त्यांना ते कसं कळलं, देव जाणे.

"स्वयंपाकघरातून फूटभर घ्या बोळासाठी," अण्णा उठून बसत म्हणाले.

मग मात्र बायको भडकली. "मेल्यावर वळायला जागा, आणि जिवंतपणी पोळपाट ठेवायला नाही! तुमच्या घरात माणसं नाहीत का हो?"

"होती," अण्णा म्हणाले. ते शिडीवरच बसून राहिले. "टेंभी नाक्याला माडीवर राहतो. अरुंद जिना, त्यात वळण. ही गेली तेव्हा आडवी वळेचना. मग दोघांनी काखेत हात घालून उभीच उतरवली. खालची म्हातारी दारात होती. तिला बिचारीला काय माहीत! म्हणाली, 'बरं वाटतंय का गं आता?'"

ते पायजम्यावरची फक्की झटकत राहिले. "उत्तर कोण देणार?"

बायकोने स्वयंपाकघराची फक्की पायाने पुसली आणि गवंड्याला म्हणाली, "दीड फूट घ्या." संध्याकाळी नकाशावर सही झाली.

घर झालं, चार वर्षं गेली. एका सकाळी दारात अण्णा उभे, हातात पत्र्याची ट्रंक. फार वाळले होते. "वहिनी, मी अजून त्याच माडीवर आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. आठ दिवस राहू का तुमच्याकडे?"

बायकोने आतल्या खोलीत खाट घातली.

नवव्या दिवशी अण्णांनी तिची माफी मागितली. एक दिवस जास्त झाला म्हणून.

दहाव्या दिवशी सकाळी आम्ही चौघांनी त्यांना उचललं. वळणाशी आलो. बायको भिंतीशी उभी होती. अण्णा सरळ आले, आडवेच वळले, अंगठाही कुठे लागला नाही. तिने वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"अण्णा," ती म्हणाली, "वळलात हो."