खालचा भाग, वरचा भाग

सासूबाईंनी भांड्यांची वाटणी केली, ती आडवी. चार भांडी थोरल्या सुनेला, चार झाकणं धाकटीला.

भांडी साधीसुधी नव्हती. जाड, पक्क्या भाजणीची, चिनी मातीची, अंगभर निळी वेलबुट्टी. ओव्हनमधून काढायची ती थेट टेबलावर. प्रत्येक झाकणावर मुठीच्या जागी एक प्राणी बसलेला: कोंबडा, मासा, ससा आणि बदक. कोंबड्याखाली कोंबडीचा रस्सा, माशाखाली मासे, सशाखाली बटाटे, बदकाखाली भात. बदकाचा भाताशी काय संबंध, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. घरातली पोरं अक्षरं वाचायच्या आधी झाकणं वाचायला शिकली होती.

सासूबाईंनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. वाटणी म्हटलं की मधोमध कात्री, एवढंच त्यांना ठाऊक. "थोरली खालच्या मजल्यावर राहते, तिला खालचा भाग. तू वरच्या मजल्यावर राहतेस, तुला वरचा," असं म्हणून त्या मधल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेल्या. यावर काय बोलावं ते दोन्ही सुनांना सुचलं नाही, आणि सुचेपर्यंत वर्ष उलटलं. थोरली भांड्यांवर स्टीलची ताटं झाकू लागली. धाकटीने झाकणं शोकेसमध्ये मांडली. पाहुणे विचारत, "छान आहेत. पण खाली काय?"

पंचाहत्तराव्या वाढदिवसाला महिना उरला, तेव्हा सासूबाईंनी दोघींना वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट सांगितली. "त्या दिवशी माझ्या भांड्यांत, झाकणासकट, जी मला नीट जेवायला वाढेल, तिला अख्खा संच."

धाकटीने त्याच रात्री झाकणं शोकेसमधून काढून पुसली. लग्नानंतर या घरातला पहिला घास तिने त्या कोंबड्याखालचाच खाल्ला होता आणि तेव्हापासून, म्हणजे अकरा वर्षं, तिचा त्या संचावर डोळा होता. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. एकाची बाटली दुसऱ्याला तिच्या हातून कधी गेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी ती झाकणं पिशवीत घालून गावाबाहेरच्या कुंभाराकडे गेली.

"झाकणावरून भांडं करायचं?" कुंभाराने ससा उलटा करून पाहिला. "कमालच आहे. आज सकाळीच एक बाई भांडी घेऊन आल्या होत्या. झाकणं करून द्या म्हणाल्या."

"काय एकेक लोक असतात," धाकटी म्हणाली.

वाढदिवसाच्या संध्याकाळी सात वाजता धाकटी आणि तिचा नवरा चार गरम भांडी घेऊन जिना उतरू लागले. नवऱ्याच्या दोन्ही हातांत मासा आणि बदक, तोंडात जिन्याच्या दिव्याबद्दल तक्रार. मधल्या मजल्यावर ते पोचले, तोच खालून थोरली आणि तिचा नवरा, म्हणजे दादा, वर आले. त्यांच्याही हातात चार भांडी होती. चारही भांड्यांवर प्राणी बसले होते.

दोन कोंबडे एकमेकांकडे बघत राहिले.

"ही भांडी कुठली गं?" थोरलीने विचारलं.

"ही झाकणं कुठली, वहिनी?"

"आधी मी विचारलं."

"हात भाजताहेत," दादा म्हणाले. "आत जाऊन भांडा."

आत सासूबाई नवी साडी नेसून टेबलाच्या टोकाशी बसल्या होत्या. चारही नातवंडं चमचे घेऊन तयार होती. समोर आठ भांडी आली तेव्हा सासूबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मी चारच दिली होती ना?"

"आई, यातली भांडी खरी आहेत," थोरली म्हणाली.

"आई, यातली झाकणं खरी आहेत," धाकटी म्हणाली.

"म्हणजे माझी कुठली?"

"अर्धी अर्धी," दादा म्हणाले, आणि बायकोने पाहिल्यावर गप्प झाले.

धाकटीचा नवरा मोटारी दुरुस्त करायचा. कुठलीही वस्तू उघडून पाहिली की कळते, असा त्याचा विश्वास होता. "सोपं आहे. सगळी झाकणं काढायची. खरी खऱ्यांवर, खोटी खोट्यांवर," असं म्हणून त्याने कुणी नको म्हणायच्या आत आठही झाकणं उचलून टेबलावर एका रांगेत ठेवली. मग वाफेने आंधळा झालेला चष्मा पुसायला तो वळला. तेवढ्यात धाकट्या पोरीने रांग मोडून कोंबड्याशेजारी कोंबडा आणि सशाशेजारी ससा अशा जोड्या लावून दिल्या.

"आता यातला आपला कोणता?" त्याने विचारलं.

धाकटीने दोन्ही ससे हातात घेतले. कुंभार हाताचा फार चांगला होता. दोन्ही सशांचा डावा कान किंचित मुडपलेला होता. आयुष्यात पहिल्यांदाच तिला दोन बाटल्यांतला फरक कळेनासा झाला.

"हाच," ती अंदाजाने म्हणाली आणि जवळच्या भांड्यावर तिने ससा ठेवला. ससा क्षणभर टिकला, मग तिरपा झाला आणि सरळ रश्शात गेला. वर फक्त कान उरले.

"ससा बुडाला!" पोरं ओरडली.

"थांबा, थांबा!" नवऱ्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "नवं झाकण भट्टीत आक्रसलं असणार. ते जुन्या भांड्यावर बसतं, नव्यात पडतं. म्हणजे झाकण जिथे बुडेल तिथे दोन्ही खोटी! एकेक करून बघू." आणि त्याने बदक उचलून माशांत सोडलं.

"अरे, ते जेवण आहे!" थोरली किंचाळली.

"पण वहिनी, बघा ना, बुडालं!"

"मला भात हवाय," एक नातू रडवेला होऊन म्हणाला. "बदकाखाली मासे का आहेत?"

पाचव्या मिनिटाला भातावर मासा होता, बटाट्यांवर कोंबडा होता आणि कुणाचं काय कुठे आहे ते विचारायचं सगळ्यांनी सोडून दिलं होतं. धाकटीला रडू फुटायचंच बाकी होतं. अकरा वर्षांची इच्छा डोळ्यांसमोर रश्शात कानापर्यंत बुडाली होती. तिने थोरलीकडे पाहिलं. थोरलीच्या हातात दुसरा ससा होता आणि तिचाही चेहरा तसाच झाला होता.

सासूबाईंनी चमच्याने टेबलावर टकटक केलं.

"बास. वाढा आता."

"पण आई, कुठल्या भांड्यातलं?"

"जे जवळ असेल त्यातलं."

मग मात्र सगळे जेवले, आणि भरपूर जेवले, कारण प्रत्येक पदार्थ दोनदा होता. थोरलीचा रस्सा झणझणीत होता, धाकटीचा दाट होता, आणि कुठला कुणाचा ते न कळल्यामुळे दोघींना दोन्हींची तारीफ करावी लागली. दादांनी ससा चाटूनपुसून स्वच्छ केला.

जेवण झाल्यावर दोघा भावांनी भांडी घासली. सासूबाईंनी कुणालाही आत येऊ न देता ती स्वतः पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दोन खोकी बांधून दारात आणून ठेवली.

"दोघींनीही वाढलं, दोघींनीही गोंधळ घातला. म्हणून दोघींना सारखं. हिला आठ नग, तिला आठ नग. चार चार होते, आता आठ आठ आहेत. आता तक्रार नको."

चार भांडी आणि चार झाकणं, धाकटीने हिशेब केला. खरी असोत नाहीतर खोटी, कोंबड्याखाली काहीतरी असेल. खोकं उचलून ती जिना चढली. नवरा म्हणाला, "मी घेतो ना." ती म्हणाली, "नको, हलकं आहे."

घरात येऊन तिने दोरी सोडली. पहिल्या पुडक्यात कोंबडा निघाला. दुसऱ्यातही कोंबडाच निघाला. मग मासा, मासा, ससा, ससा. शेवटची दोन पुडकी तिने उघडलीच नाहीत.

तेवढ्यात खालून, दोन मजल्यांखालून, हाक आली. "अगं ए! तुझ्या खोक्यात काय आहे?"

धाकटी कठड्यावरून वाकली. मधल्या मजल्यावरचं दार बंद होतं, आतून रेडिओ ऐकू येत होता, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.

"वरचा भाग, वहिनी! तुमच्या?"

खालून आठ भांडी एकेक करून फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.

"रविवारी सात वाजता खाली या सगळे," थोरली शेवटी म्हणाली. "रस्सा तू कर, तुझा दाट होतो. आणि येताना झाकणं आण. तो खोटा ससा तेवढा आणू नकोस."

"खोटा कोणता, वहिनी?"



"दोन्ही आण."