बेस्टमधला बिनपाण्याचा टप्पा

भर पावसात, कालव्याच्या काठी, रेनकोटवरून पाणी निथळत असताना नेनेकाका मला म्हणाले, "या टप्प्यात पाण्याचा थेंब मिळायचा नाही. वाळवंट आहे!"

नेनेकाका आमचे बेस्ट या डच गावातले शेजारी. कंप्युटरच्या चिप बनवणाऱ्या मशिनींत आयुष्य गेलेला माणूस. निवृत्त झाल्यावर सुधाकाकूंना घेऊन मेक्सिको सिटी ते सांता फे जायचं, स्पॅनिश लोकांच्या जुन्या शाही रस्त्याने, हे त्यांचं कधीचं ठरलेलं. त्या रस्त्याने खेचरांचे तांडे उत्तरेला सामान न्यायचे आणि दक्षिणेला चांदी आणायचे. लॉकडाऊन लागला तेव्हा काकू पुण्यात होत्या. विमानं बंद. काकू कोरोनाने तिकडेच गेल्या आणि काका इथे मोबाइलमध्ये बघत राहिले.

मग एके दिवशी गृहस्थ बाजाराची चाकांची पिशवी ओढत बाहेर पडले. पिशवीचं नाव 'खेचर'. कालव्याकाठी फेऱ्या मारायच्या आणि तेवढं अंतर त्या शाही रस्त्याच्या नकाशावर पुढे सरकायचं. कुत्रं फिरवणाऱ्या डच आजींनी हात केला की हे स्पॅनिशमध्ये नमस्कार ओरडणार, "ओला!" मी जेवायला बोलावलं की, "तांडा थांबत नसतो!" वाटेतल्या झाकातेकास शहराला 'पोचले' तेव्हा आमच्या उंबऱ्यावर शिऱ्याची वाटी ठेवून कोरोनाच्या नियमाने दीड मीटर मागे सरकून उभे. शिरा करपलेला. खाल्ला, काय करणार!

पुढे ते वाळवंट आलं. स्पॅनिश लोक त्याला 'मेलेल्याची वाट' म्हणायचे. झालं! काकांनी चालताना पाणीच सोडलं. खेचरात बाटली भरलेली, पण तिला हात लावायचा नाही.

पावसात ते खपून गेलं. नंतर ऊन असं तापलं की काका बाकावर मान टाकून बसलेले दिसले, ओठ पांढरेफटक. माझं डोकंच फिरलं.

"आग लागो तुमच्या त्या रस्त्याला! समोर कालवा भरलाय आणि ही कसली सोंगं? मरायचंय का?"

"तिने पाणी मागितलं होतं गं," काका म्हणाले. "फोनवर ऐकलं मी. जवळ कोणी नव्हतं. मी इथून नुसतं 'थांब हं, थांब हं' म्हणत राहिलो."

दीड मीटर गेलं खड्ड्यात, मी त्यांच्याजवळ बसले. खेचरातून बाटली काढली. आत तुळशीचं पान तरंगत होतं.

"ओंजळ करा," मी म्हटलं.

पहिली ओंजळ त्यांनी गवतावर सोडली. "घे गं, सुधा," म्हणाले. दुसरी प्यायले, आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.